तीन लाखांत घरच्यांसाठी हॉट रॉड: पद्मिनी घ्यावी की अँबॅसडर? (ठाणे / पनवेल)

घोडबंदर_चौकडी

नमस्कार मंडळी. जुनी गाडी घेऊन तिचा चौघांना नीट बसता येईल असा हॉट रॉड (फेरफार करून दमदार केलेली गाडी) करायचा आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं (७ आणि ११). त्यामुळे उघडी, दोन सीटची, कानठळ्या बसवणारी गाडी नको. ठेवण थोडी खाली, मागची चाकं रुंद, रंग भडक आणि इंजिनात जरा दम, एवढंच हवं आहे. गाडी आणि काम मिळून ३ लाख, वेळ दीड वर्ष. जागा म्हणजे सोसायटीतलं स्टिल्टमधलं एक पार्किंग. वेल्डिंग तिथे करता येणार नाही, ते वागळे इस्टेटला करून घेईन.

सध्या तीन गाड्या नजरेत आहेत:

१) पद्मिनी, १९९८, एमएच ०४, गिअरचा दांडा खाली (स्टिअरिंगवर नाही). ८५ हजार सांगतात. चालू आहे, पण नोंदणीची मुदत २०२३ मध्ये संपली.

२) अँबॅसडर १८०० आयसुझू, १९९४, एमएच ०६. पनवेलला शेडमध्ये उभी. कागद २०२९ पर्यंत. १ लाख ४० हजार. इंजिन सुरू होत नाही.

३) काळी-पिवळी पद्मिनी, ३५ हजार. "कागदाचं नंतर बघू" असं उत्तर.

कोणती घेऊ? आणि आतलं इंजिन काढून एखाद्या नव्या गाडीचं इंजिन टाकलं तर?

आरसी_आधी

तिसरी यादीतून आत्ताच काढा. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचीही मुदत संपली. आता मिळणाऱ्या काळ्या-पिवळ्या एकतर रीतसर मोडीत निघालेल्या असतात किंवा परमिटच्या भानगडीत अडकलेल्या. एकदा नोंदणी रद्द झालेली गाडी परत रस्त्यावर येत नाही. ती सुट्या भागांसाठी घ्या, हरकत नाही. दारं, काचा, डॅशबोर्ड, मागचा अॅक्सल, सगळं कामाला येतं. पण ३५ हजार त्यासाठीही जास्तच आहेत.

आता इंजिनाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील आणि कंपनीची मूळ रचना यांच्याशी फारकत घेणारा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर चढवता येतो. दुसऱ्या कंपनीचं इंजिन, छत कापणं, चेसिस लांब-आखूड करणं, यांना वाट नाही. शिक्षा कलम १८२अ खाली: दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून मोठी भीती विम्याची आहे. न सांगितलेला बदल अपघातानंतर उघडकीला आला की दाव्यावर बोट ठेवलं जातं, आणि मागच्या सीटवर मुलं बसणार आहेत.

"मग ५० वर्षांची गाडी घेऊन व्हिंटेजमध्ये नोंदवतो" हाही विचार कोणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली गाडी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला की ती त्यात बसत नाही. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, आणि तरी रोजच्या वापराला मनाई. हॉट रॉडसाठी हा रस्ता नव्हेच.

पद्मिनीचा हिशोब करा. मुदत उलटून साधारण ३६ महिने झाले असतील, तर उशिराचे महिना ५०० प्रमाणे १८,०००. २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, एचएसआरपी (सुरक्षित नंबरच्या) पाट्या. म्हणजे ८५ हजारांची गाडी सव्वा लाखाच्या आसपास गेली, आणि तरी तपासणीत पास होईल याची खात्री नाही. अँबॅसडरच्या १ लाख ४० मध्ये नूतनीकरणाचं हे सगळं आधीच भरलेलं आहे.

पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा: कर्जाचा बोजा, चलन, कराची मुदत, गाडीची स्थिती. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद कधी कधी ऑनलाइन चढलेलीच नसते. मग मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ती विकणाऱ्यानेच करून द्यायची, हे आधी ठरवा. आरसीवरचा मालक वारला असेल तर गाडी नावावर करायला नेहमीचा फॉर्म ३० नाही, ३१ लागतो, वारसांच्या कागदांसह. पनवेलच्या शेडमधल्या गाड्यांत हे हमखास निघतं.

पत्रा_रबाळे

कागदांचं वरती आलं. माझं एकच म्हणणं: इंजिन बंद आहे म्हणून गाडी सोडू नका, आणि इंजिन चालू आहे म्हणून घेऊ नका. इंजिन निघतं, लेथवर जातं, परत येतं. कुजलेली बॉडी परत येत नाही. पद्मिनी आणि अँबॅसडर दोघींनाही वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. आणि आपल्याकडे खाडीचं वारं आणि चार महिने पाऊस, म्हणजे पत्रा आतून जातो, वरून रंग चकचकीत.

बघायला जाताना एक लोहचुंबक, मऊ फडकं, जुना स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि चटई घेऊन जा. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या चार बोटांवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे पकड सुटली तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग खाली झोपा. दाराखालची पेटी, म्हणजे पायदान, खालून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. निरोगी पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द. आवाज बदलला तिथे टोक टेकवून दाबा. आत गेलं तर विकणारा ओरडेल. ओरडू द्या.

पुढचं बघताना मॅट उचला. पायाखालच्या पाटाला कोणीतरी वरून डांबर फासलेलं असतं, ते एका कोपऱ्यात खरवडा. डिकीत स्टेपनीची जागा. पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगलेले असतात ते हँगर. तिथे गंज असला तर खड्ड्यात पाटा वर घुसतो. अँबॅसडरला आणखी एक ठिकाण: पुढचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) मागे ज्या आडव्या मेंबरला धरतात तो. तो गेला असेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

शेवटी दार उघडून हाताने वर उचला. बिजागरी खिळखिळी असेल तर दार हलेल. दार न हलता खांबच हलला तर पायदान गेलंय. दुसरी खूण: गाडीचा एक पुढचा कोपरा जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं पुढचं दार लावून बघा. आधी नीट लागणारं दार आता अडकलं तर गाडी मधून वाकतेय.

पायदान बदलायचं ठरलं तर क्रम चुकवू नका. बरेच जण आधी कापतात आणि मग दारं बसत नाहीत म्हणून रडतात.

गाडी चार स्टँडवर, वजन चाकांच्या जवळच्या जागांवर. दारं लावून चौफेर फटी मोजून टेपवर लिहून चिकटवा. मग दारं काढा आणि दाराच्या चौकटीत २५ मिमीची चौकोनी नळी (२ मिमी जाडीची) बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत टाक्याने जोडा. एक आडवी, एक तिरकी. आता कापा, पण एका वेळी एकच बाजू. नवं पायदान १.२ मिमी सीआरसी (कोल्ड-रोल्ड) पत्र्याचं, बाहेरची कातडी ०.९ मिमी चालते. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून ८ बाय ४ चा एक पत्रा घ्या. १.२ मिमीचा साधारण २८ किलो भरतो आणि दोन्ही बाजू होऊन उरतो. वाकवून वागळेलाच घ्या, हातोड्याने कडा सरळ येत नाही.

वेल्डिंग मिगने (विजेवरचं, तार आपोआप सरकणारं), ०.८ मिमी तार. गॅस वेल्डिंगवाला स्वस्त पडेल, पण एवढ्या लांब सांध्याला उष्णतेने पत्रा लाटेसारखा होतो. टाके २५-३० मिमीवर, एक इथे तर दुसरा पार तिकडे, आणि मग मधल्या जागा भरायच्या. आतल्या बाजूला जोडण्याआधी झिंक प्रायमर. शेवटी पेटीत मेणाचं कोटिंग फवारा आणि खालची पाण्याची भोकं उघडी ठेवा. ही भोकं बुजवून वर अंडरकोटिंग थापलेल्या गाड्या मी सगळ्यात जास्त कापतो.

खर्चाचं: गाडीला जास्तीत जास्त निम्मे, उरलेल्यातला अर्धा पत्र्याला. रंगाचं बजेट आधी ठरवू नका.

घोडबंदर_चौकडी

भारी. म्हणजे कागद आणि पत्रा नीट निघाला तर अँबॅसडर. पण इंजिन मूळचंच ठेवून दम कसा आणायचा? आणि ठेवण किती खाली घेता येईल? आमच्या सोसायटीचा रॅम्प उभा आहे.

कोलशेत_लेथ

१८०० आयसुझूला मुद्दाम वेगळं काही घालायची गरजच नाही. अँबॅसडरमध्ये १९९२ पासून हे १८१७ सीसीचं इंजिन ५ गिअरसह कंपनीतूनच आलं. जुन्या १४८९ सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाच्या जागी आयसुझू बसवून आरसी न बदललेल्या गाड्या बाजारात फिरतात, त्यांच्यापासून दूर राहा. तुमच्या आरसीवर सीसी १८१७ च्या आसपास आणि इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, एवढं बघा.

बंद इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं, दोन-दोन चमचे. तीन-चार दिवस ठेवा. मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हाताने पुढे-मागे झुलवा. फॅनची पुली फिरली तर इंजिन मोकळं. नाही फिरली तर पुलीवर लांब पाना लावून जोर करू नका, पिस्टनच्या रिंगा तुटून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चर पडते.

मोकळं असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर, बॅटरी दमदार. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. दोन शेजारचे सिलिंडर एकत्र कमी निघाले तर बहुतेक गॅसकेट त्यांच्या मध्ये फुटलंय, आणि हे सगळ्यात स्वस्तातलं दुखणं.

दम वाढवण्याचं स्वस्त काम म्हणजे हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) थोडी घासणी, पण मोजून. सिलिंडरचं आकारमान १८१७ भागिले ४, म्हणजे ४५४ सीसी. हेड उलटं ठेवून चेंबरवर ॲक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी ग्रीसने चिकटवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ ऑइल भरून किती सीसी बसतं ते मोजा. गॅसकेटची जागा आणि पिस्टनवरचा खड्डा धरून समजा एकूण ६० सीसी निघालं. कॉम्प्रेशनचं प्रमाण झालं (४५४ + ६०) भागिले ६०, म्हणजे ८.६. ९ हवं असेल तर चेंबर ४५४ भागिले ८, साधारण ५७ सीसी. ३ सीसी कमी करायचे, बस. "अर्धा मिमी उडवा" असं सांगून हेड लेथवाल्याकडे टाकलं की गणित गेलं आणि चढावर इंजिन टकटक करायला लागतं. गायमुखच्या घाटात लगेच कळेल.

पेट्रोल आता ई-२० आहे. त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधलं रबर, सगळं फुगतं, मऊ होतं, आणि सगळ्यात आधी गळतं ते एक्झॉस्टच्या वरच. इथेनॉल चालणारी नळी घ्या (नळीवर जे३०आर९ छापलेलं असतं) आणि पंपाचं किट नवीन. वर्षानुवर्षं उभी असलेली टाकी काढून आतून साफ करा, कारण इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या इंधनाच्या बारीक भोकात) आणून ठेवतं. ई-२० ला त्याच हवेत साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठं. अंदाजाने नको, पीयूसीच्या मशीनवर लावून. १९९४ च्या पेट्रोल गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम आहे. जेट छोटं राहिलं तर सीओ कमी दिसेल, पण मिसफायरने एचसी उडेल.

ठेवण: मागे पाटे आणि अॅक्सल यांच्या मधल्या ठोकळ्याची जाडी ३८ मिमीपेक्षा जास्त नको, यू-बोल्ट तेवढेच लांब आणि नवीन. पाटे तापवून बसवणारे मिस्त्री असतात. पाट्याचं पाणी उतरतं, तीन महिन्यांत गाडी एका बाजूला कलते. पुढे टॉर्शन बारचा मागचा लिव्हर फिरवून उंची उतरवता येते, स्प्रिंग कापायची गरज नाही. पण दोन्ही बाजू मोजून, आणि नंतर व्हील अलाइनमेंट. चौघं आत बसवून, टाकी भरून, मगच अंतर मोजा. बंप-स्टॉपपर्यंत (अॅक्सलला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत) ५० मिमी उरलं पाहिजे. उभ्या रॅम्पला नाक लागत नाही, मधला सायलेन्सर लागतो. तो वर घ्या.

कोपरी_चाक

दोन गोष्टी राहिल्या.

किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा): पुढचं चाक हवेत घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. बेअरिंग किरकोळ, किंगपिन म्हणजे दोन्ही बाजू उघडणं.

रुंद चाकं: रिम नुसती रुंद आहे म्हणून घेऊ नका. नट-होलचं वर्तुळ आणि हबचं मधलं भोक आपल्या गाडीवर कॅलिपरने मोजा, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या ३ टक्क्यांत ठेवा. मागे टायर आणि पाटा यांच्यात निदान १५ मिमी, आणि गाडी भरलेली असताना कमानीशी बोटभर.

आरसी_आधी

रंग बदलला की आरसीवर नोंद. विसरू नका, नाक्यावर सगळ्यात आधी तेच दिसतं.

सीट_बेल्ट_कळवा

"घरच्यांसाठी" लिहिलंय आणि बेल्टचं कोणीच बोललं नाही. १९९४ च्या गाडीला मागे तीन-बिंदूंचे बेल्ट नसतील. बसवताना बोल्ट नेहमीच्या सीट बेल्टचा, ७/१६ इंच, २० यूएनएफ आट्यांचा. पत्र्यामागे ३ मिमी जाडीची निदान ५० × ७५ मिमीची पट्टी, कोपरे गोल केलेले, नट तिलाच वेल्ड केलेला. नुसता वॉशर लावला तर झटक्याला बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. खांद्याचा बिंदू मुलांच्या खांद्याच्या पातळीला किंवा वर, खाली नको. ७ वर्षांच्या मुलाला बूस्टर सीट लागेलच, नाहीतर पट्टा मानेवर येतो. हे बिंदू पत्र्याचं काम चालू असतानाच करून घ्या, रंगानंतर नाही.

ब्रेक: आधी मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचं आहे का बघा. असेल तर एक नळी फुटली की चारही चाकं गेली. नंतरच्या काही १८०० ना पुढे डिस्क ब्रेक आणि ब्रेकचा बूस्टर कंपनीतूनच आले, तोच संच कुर्ल्याच्या मार्केटमध्ये शोधा. त्याच मॉडेलचा असल्याने सगळं सरळ बसतं. पण बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या. नळ्या स्टीलच्याच, दुहेरी फ्लेअरच्या (टोकाची कड दुहेरी दुमडलेल्या). तांब्याची साधी नळी ब्रेकला नको, कंपनाने तडकते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी बदला.

हेरॉल्डवाला_नेरूळ

सगळे अँबॅसडरच्या मागे लागलेत म्हणून एक विरोधी मत. खरी वेगळी चेसिस हवी असेल तर स्टँडर्ड हेरॉल्ड. बॉडी तुकड्या-तुकड्यांत बोल्टने बसते, पुढचं अख्खं तोंड उघडतं, ११४७ सीसीचे सुटे भाग इंग्लंडहून येतात. दाराखालचे आउटरिगर (चेसिसचे बाजूचे हात) कुजलेले असतात, पण ते मोकळे काढून बदलता येतात. उणीव मागच्या चाकांची: दम वाढवला की वळणावर मागचं बाहेरच्या बाजूचं चाक आत दुमडतं.

पत्रा_रबाळे

हेरॉल्ड छान, पण ३ लाखांत कागदांसकट शोधून दाखवा.

बाकी हॉट रॉड म्हटला की मडगार्ड काढलेली गाडी डोळ्यांसमोर येते. तो कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवरचा प्रकार, १९३० च्या दशकातला, १९३२ च्या व्ही-८ फोर्डच्या काळातला. तिथे पाऊस नव्हता. आपल्याकडे जुलैमध्ये मडगार्ड नसलेली गाडी म्हणजे मागच्याला फुकट रंगपंचमी. मडगार्ड ठेवा, कडा आतून लाटून घ्या.

घोडबंदर_चौकडी

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी पनवेलला जातो. चुंबक, स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना, ऑइल-डिझेल घेतलंय. टोकन किती द्यावं?

आरसी_आधी

टोकन शेवटी. आधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी जुळवा. नंबरभोवती नव्या वेल्डिंगची खूण किंवा वेगळा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. जुळला तर ५,००० द्या, पावतीवर "फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर उरलेली रक्कम" असं लिहून घ्या. बाकीचे पैसे खात्यावर. विम्याचं हस्तांतरण १४ दिवसांत. एमएच ०६ ची गाडी ठाण्यात आणायची म्हणजे पेणच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, हेही विकणाऱ्याच्या सहीशिवाय होत नाही, त्याच दिवशी घ्या.

कोलशेत_लेथ

आणि पुली फिरली नाही तर किमतीतून पूर्ण इंजिन बांधणीचा खर्च वजा करून बोला, निम्मा नाही. गाडी फ्लॅटबेडवर आणा. कितीही चालू वाटली तरी बराच काळ उभ्या गाडीच्या ब्रेकवर मुंब्रा बायपास उतरायचा नाही.